कानशीचे एकशे अठ्ठावन्न हात

‘जवारी’ या जोडीच्या पहिल्या तीन कॅसेटी ज्याने ऐकल्या नाहीत असा माणूस सांगली-मिरजेत शोधून सापडला नसता. त्यानंतरच्या एकशे चौऱ्याहत्तर ध्वनिमुद्रिका ज्याने ऐकल्या आहेत असा माणूसही सापडला नसता. ज्यांनी एखाददुसरी ऐकली, त्यांनी कानाला खडा लावला होता. त्यामुळे २०४३ सालच्या एप्रिलमध्ये कृष्णाकाठ ध्वनिसंग्रहाच्या वाळवेकरसाहेबांनी हे सगळं बाड हर्षदा मगदूमच्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा कचेरीत कुणालाच नवल वाटलं नाही. हर्षदाला गाणं ऐकू येत नव्हतं, म्हणजे त्रास होण्याचाही प्रश्न नव्हता.

वाळवेकर माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त गोष्टी लवकर मिटवायची घाई असे. संग्रहातलं सगळं ध्वनिमुद्रण तेव्हा काचेच्या पट्ट्यांवर लेसरने कोरून ठेवायचं चाललं होतं. एकदा कोरलं की आग लागो, पाणी भरो, हजारो वर्षं टिकेल अशी ती काच होती, आणि पुराने दोनदा धुऊन काढलेल्या गावाला तिचं मोल कुणी समजावून सांगायला नको होतं. पण काच मोजकी होती. एका कलावंताच्या वाट्याला वीस नोंदी, त्यापुढे एकही नाही. जे कोरलं जाणार नाही ते जुन्या यंत्रांबरोबर मोडीत जाणार होतं. ‘जवारी’च्या तीन कॅसेटी ठरलेल्याच होत्या. उरलेल्यांतून सतरा निवडायच्या आणि बाकीच्यांवर ‘पुनरावृत्ती’ असा शेरा मारायचा, एवढंच काम होतं. आलेख बघून निवडल्या तरी चालेल, असं वाळवेकरांनी मोठ्या मनाने सांगितलं. मुदत मेअखेरची होती.

आता हर्षदाच्या कानाविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात हजारो नाजूक पेशी ओळीने बसलेल्या असतात. खालच्या सुराला एक पेशी जागी होते, वरच्याला दुसरी. मेंदूच्या तापाने या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. मग डॉक्टर त्या नळीत बावीस टोकांची बारीक तार सरकवतात आणि ही टोकं विजेच्या झटक्यांनी थेट नसेला आवाज कळवतात. हजारो पट्ट्यांची पेटी काढून घेऊन बावीस पट्ट्यांची द्यावी, तसा हा प्रकार. त्यातून एका टोकाची वीज शेजारच्या टोकांपर्यंत झिरपते, म्हणजे एक पट्टी दाबली की बाजूच्या दोन आपोआप वाजतात. बोलणं एवढ्यावरही समजतं, कारण बोलण्यात शब्द ओळखला की भागतं. गाण्याचं तसं नाही. सूर सगळे एकमेकांत कालवले जातात आणि उरतो तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्याचा आवाज. इतक्या वर्षांत कानामागचं यंत्र वाटाण्याएवढं झालं होतं, पण आतली टोकं बावीसच राहिली होती. श्रुतीही बावीसच असतात, म्हणून पहिल्या वर्षी हर्षदाला त्याचं फार वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

ताप येण्याआधी ती मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची. ‘मगदूमबाईंनी टोकलं नाही अशी मुलगी दाखवा’ असं शाळेत म्हटलं जायचं. एखादीचा गंधार केसभर चढला तरी बाईंची पेटी थांबायची, चष्म्यावरून एक नजर जायची आणि ती मुलगी आपणच पुन्हा सुरुवात करायची. सहा वर्षांपूर्वी ते सगळं संपलं. शाळा सुटली, ध्वनिसंग्रहात नोंदी करायची नोकरी लागली. नवरा कामानिमित्त हुबळीला होता, पंधरा दिवसांनी यायचा. घरी असायची ती शर्वी, तेव्हा अकरा वर्षांची, आता सतरा. ती गाणं शिकत होती आणि रोज सकाळी आईसमोर बसून रियाज करायची. हर्षदा डोळे मिटून मान हलवायची आणि शेवटी म्हणायची, “छान झालं गं.” आपल्याला खडे ऐकू येतात हे पोरीला कसं सांगायचं? तिने नाहीच सांगितलं.

शेरा मारण्याआधी प्रत्येक मुद्रिका निदान एकदा पूर्ण वाजली पाहिजे, असा नियम होता. हर्षदा नियमाची पक्की. ती मुद्रिका सरळ कानातल्या यंत्रावर सोडायची आणि बाजूला दुसरे तक्ते भरत बसायची. पहिल्या तीस मुद्रिका खड्यांतच गेल्या. सगळ्या सारख्या, संथ, कर्रकर्र वाजणाऱ्या. तीसही मुद्रिकांवर तिने ‘पुनरावृत्ती’ लिहिलं.

एकतिसावीच्या अकराव्या मिनिटाला एक स्वर वर गेला.

तिने हातातलं काम ठेवलं. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. स्वर पुन्हा वर गेला. मोठा झाला नव्हता, कर्कश झाला नव्हता, षड्जावरून रिषभावर जावा तसा निव्वळ वर गेला होता. सहा वर्षांत तिला हे ऐकू आलं नव्हतं. तिने ते दहा वेळा ऐकलं आणि दहाही वेळा तिचा हात आपोआप हवेत वर उचलला गेला. समोरचा कारकून बघत राहिला.

त्यानंतर तिने तक्ते बाजूलाच ठेवले. ती रोज आठ-आठ मुद्रिका क्रमाने ऐकू लागली. चाळिशीत तो स्वर मध्येच हरवला, पन्नाशीत परत आला. साठावीत दोन स्वर लागले. एकशे बारावीत पाच लागले, आणि ते पाच स्वर भूपाचे होते यात शंकाच नव्हती. एकशे अठ्ठावन्नावीत सबंध चाळीस मिनिटं आलापी होती. हर्षदाने दार लोटून घेतलं, खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि मनसोक्त रडली. एकशे एकोणसाठावी लावली तर पुन्हा खडे. तिथून शेवटच्या एकशे चौऱ्याहत्तरावीपर्यंत सगळे खडेच.

तिने वाळवेकरांना बोलावून एकशे अठ्ठावन्नावी ऐकवली. त्यांनी दोन मिनिटं ऐकली आणि डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं वाटतं म्हणाले. मग आवाज मऊ करून त्यांनी, चार दिवस रजा हवी आहे का, असंही विचारलं.

हर्षदाने रजा घेतली नाही. तिने त्यांना इस्पितळात नेलं. तिथे दोन वर्षांपूर्वी एक नवं यंत्र आलं होतं, त्याला कर्णदर्पण म्हणत. रुग्णाच्या बावीस टोकांचा नकाशा आणि आवाज ऐकताना त्याच्या मेंदूत उठणाऱ्या लहरी, या दोहोंवरून हे यंत्र त्याला नेमकं कसं ऐकू येतं ते हुडकून काढायचं आणि तसंच्या तसं दुसऱ्याच्या धडधाकट कानांना ऐकवायचं. डॉक्टर ते यंत्र जुळवणीसाठी वापरत. दुसऱ्याच्या कानाने ऐकायची सोय माणसाला पहिल्यांदाच झाली होती, आणि त्यातून घरोघरी काय काय बाहेर पडणार आहे याचा अजून कुणी विचार केला नव्हता.

सुट्टी होती म्हणून शर्वीही बरोबर आली.

वाळवेकरांनी आधी पहिल्या कॅसेटमधला त्यांचा आवडता तुकडा हर्षदाच्या कानाने ऐकला आणि हेडफोन फेकायच्या बेतात आले. मग एकशे अठ्ठावन्नावी लावली. थोड्या वेळाने त्यांनी बूट काढले आणि खुर्चीतच मांडी घातली. सबंध ऐकून झाल्यावरही त्यांच्यातला अधिकारी शिल्लक होताच. हे योगायोगाने झालं नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं. आणि एका माणसाच्या कानासाठी एकशे अठ्ठावन्न मुद्रिकांची काच कशी द्यायची? जोडीतले उगारे अजून हयात आहेत, त्यांच्याकडून काय ते लिहून आणा, मग बघू, असं म्हणून ते निघून गेले.

ते गेल्यावर शर्वीने हेडफोन उचलले. तंत्रज्ञ नको म्हणेपर्यंत तिने माइकसमोर तोंड नेऊन यमनची सुरावट म्हटली, रोज सकाळी म्हणते तीच. तिचा चेहरा हर्षदाला दिसत होता. तिने एकदा म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं आणि हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

“हे ऐकतेस तू?”

“बोलणं मला नीट कळतं, शर्वी.”

“मी बोलण्याचं विचारत नाहीये. परवा स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतीस. तेव्हाही हेच ऐकत होतीस?”

हर्षदाने हो म्हटलं.

“मला वाटायचं, आई टोकत नाही म्हणजे मी आता चुकत नाही,” शर्वी म्हणाली. “क्लासमध्ये बाई काही बोलल्या तर मी त्यांना सांगायचे, माझ्या आईला विचारा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रियाजाला बसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरात क्लासही बंद झाला. जेवायला ये म्हटलं की यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. आपण पोरीचं मन राखता राखता तिचं गाणंच मारलं, हे हर्षदाला कळून चुकलं आणि तिला अन्न गोड लागेना.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला प्रभाकर उगारेंचं घर होतं. वय त्र्याऐंशी, अंगात बनियन, समोर चार टेबलांवर पसरलेल्या वायरी आणि सूर काढणाऱ्या विजेच्या पेट्या. एके काळी ते रेडिओ दुरुस्त करायचे. शेजारच्या इलाही शिकलगारांचं घराणं तानपुऱ्याची जवारी काढण्यात नाव असलेलं. तानपुऱ्याच्या घोडीवर तार टेकते ती जागा कानशीने केसाकेसाने घासायची, की तार छेडल्यावर आवाज नुसता टणकन येऊन मरत नाही, झंकारत उलगडतो. ही जवारी. घोडीवरची ती करामत आपल्या पेट्यांत उतरवायची असं दोघांनी १९८५ साली मनावर घेतलं आणि त्यातून त्या तीन कॅसेटी झाल्या.

हर्षदाने कान दाखवला. म्हातारा पुढे वाकला.

“कुठल्या कंपनीचा बसवलाय?” त्यांनी विचारलं. तिने नाव सांगितलं तसे ते स्वतःशीच हसले. “इलाहीचाबी त्योच हुता.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. २०१३ साली इलाहींचे दोन्ही कान गेले. यंत्र बसवलं, पण सूर गेला तो गेलाच. जवारी काढणाऱ्याचा कान गेला हे बाहेर कळलं असतं तर त्या घरात पुन्हा कुणी वाद्य टाकलं नसतं, म्हणून घरच्यांनी आणि उगाऱ्यांनी ही गोष्ट दाबून ठेवली. इलाहींची पोरं हाताने काम करत आणि म्हातारा नुसता डोळे मिटून समोर बसे. ते सोंग त्यांना आतून खात होतं.

उगाऱ्यांच्या डोक्यात घोडी होती. साधी तार वाजते तेव्हा तिच्या पोटातले सगळे सूर एकदम उठतात. जवारी काढलेली तार वाजते तेव्हा ते एकामागून एक उठतात. बावीस टोकांचं दुखणं हेच होतं की सगळी एकदम पेटतात आणि वीज एकमेकांत झिरपते. मग सुराचा एकेक पदर वेगळा काढून तो वेगवेगळ्या क्षणी, एक टोक सोडून पलीकडच्या टोकावर पाठवला तर? धडधाकट कानाला तो आवाज किचकिच लागेल, पण यंत्र बसवलेल्या कानाला सूर सापडेल.

“मग एवढ्या मुद्रिका बाजारात का आणल्यात?” हर्षदाने विचारलं. “घरातच ऐकवायच्या होत्या त्यांना.”

“तेच तर. ऐकलाच नसता त्यो.”

या गल्लीत एक रीत होती. ज्याने जवारी काढली त्याने ती चांगली म्हणायची नाही, आणि वाद्य कारखान्याबाहेर गेल्याशिवाय कुणीच त्याबद्दल बोलायचं नाही. निकाल गिऱ्हाइकाकडून यायचा. इलाहींनी ती रीत कॅसेटींनाही लावली होती. कान गेल्यावर तर ते हट्टालाच पेटले. माझ्यासाठी म्हणून काही करशील तर तोंड बघणार नाही, बाजारात येईल ते मी चार लोकांसारखं घेऊन ऐकेन, असं त्यांनी बजावलं. म्हणून प्रत्येक प्रयोग बाजारात गेला. लोक म्हणाले म्हातारा चळला. इलाही ती मुद्रिका घेत, ऐकत आणि दुसऱ्या दिवशी या उंबऱ्यात येऊन एवढंच म्हणत, ‘मार अजून एक हात.’ कानशीचा हात. असे एकशे अठ्ठावन्न हात तेवीस वर्षांत मारून झाले. शेवटच्या खेपेला इलाहींनी अजून एक हात मागितला नाही. उंबऱ्यातच बसून राहिले. त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

“आणि नंतरच्या सोळा?” हर्षदाने विचारलं.

“त्या अंदाजानं केल्या. सांगणार कोन? तुमी ऐकलासा न्हवं? कशा हैत?”

समोर त्र्याऐंशी वर्षांचा माणूस बसलेला. सवयीने हर्षदाच्या तोंडून निघून गेलं, “छान आहेत.”

उगाऱ्यांनी हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. पेट्यांवरचे दिवे विझले. ते रागावले नव्हते, नुसते दमल्यासारखे दिसत होते.

“बाई, या शब्दाचं मी काय करू सांगा? ह्यानं कानस कुटं मारायची कळतंय व्हय?”

हर्षदाला शर्वीचा तो चेहरा आठवला आणि तिला स्वतःचीच चीड आली. ती सावरून बसली. “वाईट आहेत,” ती म्हणाली. “सोळाच्या सोळा. खालचे सूर एकमेकांवर चढतात, आणि एकशे चौसष्टनंतर तर तुम्ही घाईच केली आहे. एकही स्वर जागेवर लागत नाही.”

म्हाताऱ्याने पुन्हा बटण दाबलं. त्याच्या तोंडभर हसू पसरलं होतं. “आता बोललासा. बसा, च्या टाकतो.”

चहा पिताना तिने विचारलं, की पेट्यांचा सूर जसा उलगडला, तसा माणसाच्या गळ्याचा उलगडेल का? उगाऱ्यांनी कप खाली ठेवला. गळा कठीण, म्हणाले. पेटी सांगितलेलं ऐकते, गळा ऐकत नाही. पण गाणारी मुलगी रोज येऊन बसणार असेल आणि ऐकणारी खरं बोलणार असेल, तर प्रयत्न करता येईल.

ऐकणारी खरं बोलेल, याची आता हर्षदाला खात्री होती. मुलीचं काय करायचं हा प्रश्न होता.

त्या दिवशी दुपारी तिने शर्वीला समोर बसवलं आणि आडपडदा ठेवला नाही. “तुझं गाणं मी सहा वर्षांत ऐकलेलं नाही,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले असं मी सांगायचे स्वतःला. पण खरं म्हणजे मला ऐकू येत नाही हे मलाच तुझ्यासमोर कबूल करायचं नव्हतं. मला ते ऐकायचंय. उगारे त्यासाठी प्रयत्न करणार आहेत. त्यांच्याकडे नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही.”

शर्वी आली. रिक्षात ती दाराकडे सरकून बसली. उगाऱ्यांच्या घरी पाय दुमडून बसली आणि परक्यासमोर म्हणावं तसं कोरडं गायली. गळ्याचा आवाज उगाऱ्यांनी जोडलेल्या एका डब्यात जात होता, तिथे त्याचे पदर सुटे होत होते आणि हर्षदाच्या कानात पोचत होते. पोचत होते ते खडे. “काहीच कळत नाही,” हर्षदा म्हणाली. उगाऱ्यांनी एक खुंटी फिरवली. “आता शिटीसारखं वाजतंय. अजून वाईट.” त्यांनी दुसरी फिरवली. असं दीड तास चाललं. परतीच्या वाटेवर शर्वीने एकदम विचारलं, “शिटीसारखं म्हणजे कसं?” आणि मग दोघी घरापर्यंत त्याच्यावरच वाद घालत आल्या.

रोजचं येणं-जाणं सुरू झालं. मे उतरणीला लागला तेव्हा हर्षदाने वाळवेकरांसमोर उगाऱ्यांच्या सहीचा कागद आणि एक नोंदपत्र ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की मुद्रिका क्रमांक एक ते एकशे अठ्ठावन्न ही एकच कृती आहे, ती तेवीस वर्षं घडत होती, आणि तिचा एकही भाग गाळला तर ती कशी घडली हे कुणाला उलगडणार नाही. म्हणून नोंद एक. वाळवेकरांनी नोंदींची नियमावली तीनदा वाचली. एका कृतीला किती भाग असावेत याबद्दल तिच्यात चकार शब्द नव्हता. तीन कॅसेटी आणि ही एक मिळून चार, म्हणजे सोळा जागा उरल्या, आणि त्या सोळांत हर्षदाने शेवटच्या सोळा फसलेल्या मुद्रिका भरून टाकल्या. उगाऱ्यांना ते आवडलं नाही. पुढच्याला कानस कुठे घसरली तेही कळायला हवं, असं तिने त्यांना सुनावलं. एव्हाना इस्पितळातल्या डॉक्टरांच्याही कानावर ही गोष्ट गेली होती. बावीस टोकांची तीन माणसं आणि एक आजीबाई उगाऱ्यांच्या उंबऱ्यात येऊन बसून गेली होती. प्रत्येकाच्या कानाला शेवटचे चार हात निराळे मारावे लागतात, हे त्यातून कळलं. म्हाताऱ्याला दुपारची झोप मिळेनाशी झाली आणि तो त्याबद्दल ज्याला त्याला आनंदाने तक्रार सांगू लागला.

पण शर्वीचा आवाज लागत नव्हता. एखादा स्वर यायचा, लगेच विस्कटायचा. पाच आठवडे झाले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी उगाऱ्यांनी खुंट्यांना हात न लावता डब्याचं झाकणच उघडलं, आत काहीतरी उलटं जोडलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “म्हण गं बाळ.”

शर्वीने डोळे मिटले आणि यमन सुरू केला.

खडे नव्हते. आधी एक पातळसा झंकार आला, मग त्यातून एक आवाज उलगडत वर आला. तो हर्षदाने याआधी कधीच ऐकला नव्हता. तिच्या आठवणीत अकरा वर्षांच्या पोरीचा चिमणा गळा होता. हा भरदार होता, थोडा खर्जाकडे झुकलेला, हुबेहूब तिच्या स्वतःच्या आईसारखा. हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असं तिला वाटलं. गंधार लागला, तीव्र मध्यम लागला. उगारे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. पंचम, धैवत, आणि शर्वी निषादावर जाऊन थांबली.

हर्षदाच्या कपाळाला आठी पडली. तिने हात वर केला.

“थांब,” ती म्हणाली. “निषाद उतरतोय तुझा. किती दिवस असा लावतेयस?”

शर्वीने डोळे उघडले. ती आईकडे नुसती बघत राहिली.

“बघतेस काय? षड्जाच्या जवळ ने त्याला,” हर्षदा डोळे पुसत म्हणाली. “पुन्हा म्हण.”